कण सोडले, गुरुत्वाकर्षण लावलं, तरी वैश्विक जाळं का दिसत नाही?

पार्थ_कराड

नमस्कार मंडळी. मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. प्रोजेक्टसाठी विश्वाच्या मोठ्या रचनेचं सिम्युलेशन घेतलं आहे. पायथॉनमध्ये ५००० कण एका घनात रँडम जागांवर ठेवले, सगळ्यांचा वेग शून्य, आणि प्रत्येक कणावर बाकीच्या सगळ्यांचं न्यूटनच्या नियमाने येणारं बल काढून ऑयलर पद्धतीने (आत्ताचं बल आणि वेग धरून एकेक छोटी वेळपायरी) पुढे सरकवतोय. आधी जागोजागी छोटे पुंजके होतात, मग सगळा गोतावळा मध्यभागी कोसळतो आणि त्यानंतर बरेच कण भन्नाट वेगाने बाहेर फेकले जातात. मिलेनियम या विश्वाच्या प्रसिद्ध सिम्युलेशनच्या चित्रांत दिसतात तसे धागे आणि पोकळ्या, म्हणजे वैश्विक जाळं, कुठेच येत नाही.

कण कमी पडतायत का? सर म्हणतात वाढवून बघ. पण दहापट कण म्हणजे शंभरपट वेळ, आणि माझा लॅपटॉप ८ जीबीचा आहे. आधी नक्की चुकतंय काय ते समजून घ्यायचं आहे.

मृण्मयी_ग

पार्थ, कण वाढवू नकोस. ५००० चे ५० लाख केलेस तरी हेच चित्र जास्त बारकाईने दिसेल, धागे येणार नाहीत. सिम्युलेशनच्या डेटामधून हॅलो, म्हणजे न दिसणाऱ्या डार्क मॅटरचे दाट गोळे, शोधणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कण बाहेर का उडाले ते आधी. त्यातला थोडा भाग खरा आहे. शून्य वेगाचा ढग कोसळतो तेव्हा सगळे कण जवळजवळ एकाच वेळी केंद्रातून जातात, तिथलं बल झपाट्याने बदलतं आणि काही कणांना खरोखरच जादा ऊर्जा मिळते. पण बराचसा भाग गणिताचा दोष आहे. दोन कण अगदी जवळ आले की बल अफाट वाढतं, ऑयलरची एकच पायरी त्यांना एकमेकांच्या पार पलीकडे नेऊन टाकते आणि नसलेली ऊर्जा तयार होते. म्हणून बलाच्या सूत्रात r² च्या जागी r² + ε² घालायचं. ε हा कणांमधल्या सरासरी अंतराच्या तिसाव्या भागाएवढा घेतलास तर चालेल. ही लबाडी नव्हे. मिलेनियममधला एकेक कण १०० कोटी सूर्यांहून जड होता. असा सुटा गोळा विश्वात कुठेही नाही, तो फक्त पसरलेल्या डार्क मॅटरचा नमुना आहे. तेव्हा अशा दोन कणांची टक्कर अचूक सोडवण्यात काहीच अर्थ नाही. आणि ऑयलर सोडून लीपफ्रॉग वापर: अर्धी पायरी वेग, पूर्ण पायरी जागा, पुन्हा अर्धी पायरी वेग. चार ओळींचा बदल आहे, पण ऊर्जा हाताबाहेर जात नाही.

आता मध्यभागी कोसळण्याबद्दल. तुझ्या घनाला कडा आहेत, म्हणून त्याला मध्य आहे. विश्वाला मध्य नाही. त्यासाठी पेटी आवर्ती करतात, म्हणजे उजव्या भिंतीतून गेलेला कण डावीकडून आत येतो आणि बलही तसंच गुंडाळून मोजलं जातं. शिवाय तुझं अवकाश स्थिर आहे. स्थिर अवकाशात घनतेतला फरक घातांकी वेगाने वाढतो. प्रसरण पावणाऱ्या विश्वात तो फार संथ वाढतो, कारण पदार्थ जवळ येऊ पाहतो आणि अवकाश त्याला लांब नेत राहतं. पदार्थाचं वर्चस्व होतं त्या काळात हा फरक साधारण विश्वाच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढला. सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीतले, म्हणजे बाल्यावस्थेतल्या विश्वाकडून आलेल्या प्रकाशातले, चढउतार लाखात एक एवढे आहेत आणि तेव्हापासून विश्व सुमारे ११०० पट मोठं झालंय. गुणाकार करून बघ, नुसत्या साध्या पदार्थाच्या भरवशावर आजपर्यंत फरक जेमतेम एक टक्क्याच्या घरात पोचला असता. आपली दीर्घिकाच झाली नसती. डार्क मॅटर प्रकाशाच्या दाबाला जुमानत नाही, त्याने आधीपासूनच गोळा व्हायला सुरुवात केली होती, म्हणून आपण आहोत. प्रसरण न घालता केलेल्या सिम्युलेशनमध्ये ही सगळी गोष्टच गायब होते, याचं मला फार वाटतं. प्रसरण घालणं अवघडही नाही. सहगामी निर्देशांक वापर, म्हणजे पेटी विश्वाबरोबर ताणली जाते आणि समीकरणात वेग मंदावणारं एक पद जास्त येतं.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर यात नाही, ते कणांच्या सुरुवातीच्या जागांमध्ये आहे.

रँडम जागा म्हणजे निःपक्षपाती, एकसारखी सुरुवात असं वाटतं. तसं नसतं. सरासरी २५ कण मावतील एवढा कप्पा घेतलास तर त्यात केवळ योगायोगाने २० टक्के इकडेतिकडे होतं. याच आकाराच्या कप्प्यात आरंभीच्या विश्वातला फरक याच्या कितीतरी कमी होता. म्हणजे पहिल्या पायरीच्या आधीच तुझं विश्व गुठळ्यांचं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या गुठळ्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. घनतेतले चढउतार म्हणजे लहानमोठ्या लहरींची बेरीज असं धरलं तर इथे सगळ्या लांबीच्या लहरींत सारखाच जोर आहे, आणि तुलनेने बघितलं तर आखूड लहरींचाच गोंधळ जास्त. गुरुत्वाकर्षण त्या वाढवतं आणि पुंजके मिळतात.

खऱ्या विश्वाची बीजं वेगळ्या घडणीची आहेत. खूप लांब लहरींवर जोर लहरसंख्येच्या (k, लहर जितकी आखूड तितकी मोठी) प्रमाणात वाढतो, मग एक वळण येतं, आणि आखूड लहरींकडे तो उतरत जातो. हे वळण कुठे येतं ते किरणोत्साराचं वर्चस्व संपून पदार्थाचं कधी सुरू झालं यावरून ठरतं. अशा बीजांमध्ये लांब लहरी शेजारच्या मोठमोठ्या प्रदेशांना एका सुरात बांधून ठेवतात. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ झेल्दोविचने १९७० मध्ये दाखवलं की असा प्रदेश सगळ्या बाजूंनी सारखा कधीच कोसळत नाही. आधी एका दिशेने दबतो आणि धिरड्यासारखा चपटा होतो, मग दुसऱ्या दिशेने दबून तंतू होतो, आणि शेवटी तिसऱ्या दिशेने गाठ बनते. १९९६ मध्ये बाँड, कोफमन आणि पोगोस्यान यांनी 'नेचर'मध्ये याच्याही पुढची गोष्ट मांडली: दोन दाट गाठींमधला तंतू कुठून जाणार याची पुसट रेघ आरंभीच्या घनतेतच असते. गुरुत्वाकर्षण ती रेघ ठळक करतं.

हे समजायला १९८३ सालचं प्रकरण बघ. मॉस्कोतल्या एका गटाने १९८० मध्ये न्यूट्रिनो या अतिहलक्या कणाला ३० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास वस्तुमान असल्याचा दावा केला होता. तसं असतं तर डार्क मॅटरचं कोडंच सुटलं असतं. व्हाइट, फ्रेंक आणि डेव्हिस यांनी न्यूट्रिनोंचं विश्व संगणकात चालवलं. असे हलके, वेगवान कण आखूड लहरी पुसून टाकतात, त्यामुळे फक्त अवाढव्य रचना तयार होतात आणि दीर्घिका फार उशिरा येतात. दुर्बिणीतून दिसणाऱ्या दीर्घिकांच्या वाटपाशी ते जुळेना. मग १९८५ मध्ये एफस्टाथियू यांना बरोबर घेऊन या मंडळींनी थंड, म्हणजे संथ कणांच्या, डार्क मॅटरची बीजं पेरली, फक्त ३२ × ३२ × ३२ म्हणजे ३२,७६८ कण घेऊन. चित्र आपल्या विश्वाच्या जवळ आलं. दोन्हीकडे नियम न्यूटनचाच होता, फरक होता तो बीजांचा. आणि कणांची संख्या बघ, तुझ्या लॅपटॉपला सहज झेपेल एवढी.

तू काय करावंस ते सांगते. आधी द्विमितीतच कर, २५६ × २५६. कण रँडम न ठेवता जाळीच्या बिंदूंवर ठेव. दुसऱ्या जाळीवर गाउसियन रँडम आकडे घे, त्यांचा फूरिये कर (म्हणजे लहरींत फोड), प्रत्येक लहरीला तुझ्या वर्णपटाच्या (कोणत्या लांबीच्या लहरीत किती जोर, त्याचा आलेख) वर्गमुळाने गुण. घनतेवरून विस्थापन काढायला k भागिले k² आणि काल्पनिक i ने गुण, उलटा फूरिये कर आणि जे विस्थापन येईल तेवढे कण सरकव. वेगही त्याच विस्थापनाच्या प्रमाणात. बारकावा एकच: त्रिमितीतला वर्णपट जसाच्या तसा द्विमितीत घालू नकोस, घातांक एकाने वाढवून घे. त्रिमितीत उणे दोन असेल तर द्विमितीत उणे एक. बलासाठी सगळ्या जोड्या मोजण्याऐवजी कणांचं वस्तुमान जाळीवर वाटून फूरियेने पॉइसन समीकरण सोडव. त्यात आवर्ती पेटी आपोआप मिळते.

मग तेच रँडम आकडे ठेवून फक्त वर्णपट बदल. एकदा सपाट, एकदा थंड डार्क मॅटरचा, एकदा आखूड लहरी कापलेला. तिन्ही चित्रं शेजारी लाव. तुझा प्रोजेक्ट तिथेच उभा राहतो.

वाचायला बागला आणि पद्मनाभन यांचा 'प्रमाण' या नियतकालिकातला १९९७ चा लेख घे. पद्मनाभन पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत होते आणि हा विषय त्यांनी विद्यार्थ्याला समोर बसवून शिकवावा तसा मांडलाय. विदेशी पेपरांच्या आधी तो वाच असं माझं स्पष्ट मत आहे.

दिवाकर_मास्तर

मृण्मयीताईंनी सगळं सांगितलंच आहे. पार्थ, प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत एरिक होल्मबर्ग यांचं नाव जरूर घाल. १९४१ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला त्यांनी दोन दीर्घिकांची गाठ संगणकाशिवाय सोडवली. एकेका दीर्घिकेसाठी ३७, असे ७४ विजेचे दिवे टेबलावर मांडले. प्रकाशाची तीव्रताही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते आणि गुरुत्वाकर्षणही. म्हणून प्रत्येक दिव्याच्या जागी प्रकाशमापक ठेवून कुठल्या बाजूने किती प्रकाश येतो ते मोजायचं, तेच त्या जागेचं बल. त्यावरून दिवा थोडा सरकवायचा आणि पुन्हा मोजायचं. जवळून जाणाऱ्या दीर्घिका भरतीच्या ओढीने एकमेकींना सर्पिल भुजा काढतात हे त्यांना त्या दिव्यांतून दिसलं. शाळेतल्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा व्यस्त वर्गाचा नियम त्यांच्या डोक्यात पक्का बसतो.

समीर_एचपीसी

वेळेच्या हिशोबाबद्दल थोडं. १२८ चा घन म्हणजे सुमारे २१ लाख कण. सगळ्या जोड्या मोजायच्या तर एका पायरीला २ लाख कोटींहून जास्त हिशोब. बार्न्स आणि हट यांनी १९८६ मध्ये झाडाची पद्धत दिली: लांबच्या कणांचा अख्खा गठ्ठा एकच जड कण म्हणून धरायचा. मग काम N गुणिले log N च्या प्रमाणात येतं. लांबचं बल जाळीवर आणि जवळचं झाडाने, अशी सांगड म्हणजे ट्रीपीएम. बागला यांचा २००२ चा पेपर याच पद्धतीवर आहे, आणि श्प्रिंगेल यांच्या गॅजेट-२ या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्येही हीच सांगड आहे. २००५ चं मिलेनियम त्याच कुळातलं: १००० कोटींहून जास्त कण, सव्वादोनशे कोटी प्रकाशवर्षांची पेटी, जर्मनीत गार्खिंगला ५१२ प्रोसेसरवर जवळपास महिनाभर.

त्रिमितीत जायचं ठरलं तर गॅजेट-४ घे. ते खुलं आहे, आरंभस्थिती तयार करायची आणि हॅलो शोधायची सोय त्यातच आहे. १२८ चा घन ८ जीबीत आरामात बसतो.

पार्थ_कराड

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, एक शंका. ५० मेगापार्सेकची (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं) पेटी आणि १२८ चा घन घेतला तर एक कण साधारण ५०० कोटी सूर्यांएवढा येतो. म्हणजे आकाशगंगेएवढा हॅलो दोनेकशे कणांचा. मग दीर्घिका कुठे? सर्पिल भुजा, तारे वगैरे यात कधी येतात?

मृण्मयी_ग

हिशोब बरोबर आहे, h चा (प्रसरणाचा दर सांगणाऱ्या आकड्याचा) गुणक तेवढा लिहीत जा.

यात दीर्घिका येत नाहीत, आणि हे प्रोजेक्टमध्ये ठळक लिही. नुसत्या गुरुत्वाकर्षणाने डार्क मॅटरचे हॅलो मिळतात. मिलेनियममधल्या सुमारे २ कोटी दीर्घिकासुद्धा नंतर वेगळ्या मॉडेलने हॅलोंमध्ये बसवल्या होत्या. कुठल्या हॅलोत किती वायू थंड होईल, किती तारे होतील, याचे नियम लावून.

वायू प्रत्यक्ष घातला की काम एकदम अवघड होतं. वायूला दाब असतो, तो तापतो, प्रकाश टाकून थंड होतो, धक्कालहरी येतात. शिवाय प्रत्येक हॅलोतला वायू थंड होऊन तारे झाले असते तर आकाशात दिसतात त्याच्या कितीतरी पट तारे असते. आकाशगंगेच्या आकाराचा हॅलो सगळ्यात कार्यक्षम, तिथेही वाट्याला आलेल्या साध्या पदार्थाचा ढोबळमानाने पाचवा हिस्साच ताऱ्यांत गेलाय. लहान हॅलोंमध्ये सुपरनोव्हा वायू बाहेर ढकलतात. मोठ्यांमध्ये केंद्रातलं कृष्णविवर तो थंडच होऊ देत नाही.

आता अडचण बघ. टीएनजी१०० या वायूसहित केलेल्या सिम्युलेशनची पेटी सुमारे ३६ कोटी प्रकाशवर्षांची, आणि त्यातला वायूचा एक कप्पा सुमारे १४ लाख सूर्यांचा. सुपरनोव्हा मात्र एका ताऱ्याचा होतो. तो त्या कप्प्याच्या आत कुठेतरी हरवून जातो, दिसूच शकत नाही. म्हणून घन सेंटीमीटरमागे सुमारे ०.१ अणूपेक्षा घनता वाढली की तारे बनायला लागतील, त्यांतून इतकी ऊर्जा वाऱ्याच्या रूपात निघेल, असे नियम बाहेरून द्यावे लागतात. या नियमांतले काही आकडे निरीक्षणांशी जुळवून घेतलेले असतात. ईगल या अशाच सिम्युलेशन प्रकल्पाने दीर्घिकांच्या ताऱ्यांचं वस्तुमान आणि आकार यांच्याशी आकडे जुळवले आणि तसं उघड लिहिलं, मला तो प्रामाणिकपणा फार आवडतो. टीएनजीच्या आधीच्या, २०१४ च्या इलस्ट्रिसमध्ये कृष्णविवराचा मारा इतका जोरदार होता की दीर्घिकांच्या गटांतला वायूच उडून गेला. प्रत्यक्षात तिथे वायू दिसतो. टीएनजीमध्ये त्यांनी तो भाग बदलला.

म्हणून अशा पेपरमध्ये सुंदर चित्र दिसलं की मी आधी शोधते की यांनी काय जुळवून घेतलंय. जे जुळवलंय ते निकाल म्हणून मोजायचं नाही. जे न जुळवता बाहेर पडलं तेवढंच वजनदार. दीर्घिकांचे रंग, वायूची वाटणी, काळानुसार झालेला बदल, अशा ठिकाणी खरी परीक्षा होते.

तुझ्या पातळीवर वायू घालू नकोस. टीएनजीचा डेटा नोंदणी करून कोणालाही मिळतो. टीएनजी१००-३ ही त्याची कमी बारकाव्याची आवृत्ती, ४५५ चा घन. त्यातली एखादी दीर्घिका काढून तुझ्या हॅलोशेजारी दाखव.

पार्थ_कराड

द्विमितीतलं चाललं! सपाट वर्णपटात गुठळ्याच, तंतू अगदी फिके. थंड डार्क मॅटरमध्ये जाळं स्वच्छ दिसतंय. आखूड लहरी कापल्यावर लांब, गुळगुळीत धागे आणि फार कमी गाठी. फक्त पोकळ्यांमध्ये कणांच्या आडव्याउभ्या सरळ रांगा दिसतायत. प्रोग्रॅममध्ये काही चुकलं का?

मृण्मयी_ग

वा! तिन्ही चित्रं अपेक्षेप्रमाणेच आली आहेत.

रांगा म्हणजे तू सुरुवातीला मांडलेली जाळीच. पोकळीतले कण एकमेकांना ओलांडून गेलेलेच नाहीत, नुसते लांब झालेत, त्यामुळे मूळ मांडणी तशीच ताणलेली दिसते. कोडची चूक नाही, पण विश्वाचंही काही नाही त्यात. कापलेल्या वर्णपटाच्या रनमध्ये धाग्यांवर सारख्या अंतराने बारीक मणी दिसले तर तेही खरे नव्हेत, मोजके सुटे कण वापरल्यामुळे येतात, त्यांना हॅलो म्हणून मोजू नकोस. रांगांची खात्री करायची तर काचेची मांडणी करून बघ. रँडम कण घ्यायचे, गुरुत्वाकर्षणाचं चिन्ह उलटं करायचं आणि प्रसरणाच्या पेटीत चालू द्यायचं. कण एकमेकांना ढकलत राहतात आणि शेवटी कुठेच बल उरत नाही, रांगाही उरत नाहीत. त्यावर तेच विस्थापन लावून पुन्हा चालव.

आणि एक तपासणी राहिली. रेडशिफ्ट (z, जितका मोठा तितका काळ मागचा) ४९ पासून ९ पर्यंत विश्व पाचपट मोठं होतं. म्हणजे सगळ्यात लांब लहरींचा जोर, वर्गात मोजतोस म्हणून, २५ पट वाढायला हवा. १५ किंवा ४० आला तर वेगाचा गुणक चुकलाय. आकडा काढून इथे टाक, सोबत z = ९ आणि z = ० ची चित्रंही.